बंब रिकामा का होता

आनंदराव,

परवा तुम्हाला पोचवून आम्ही ओढ्याच्या काठाने परतत होतो. पुढे तुमची मुले, त्यांच्यामागे बंबखान्याची चार माणसे खाकी गणवेशात, आणि सगळ्यांच्या मागे मी. माझ्या दोन पावले पुढे पेठेतले किराणा दुकानदार चालले होते. ते माझे जुने विद्यार्थी. सोबतच्या माणसाला ते हळू आवाजात म्हणाले, "रिकामा बंब गेला बिचारा. माणूस वाईट नव्हता, गड्या." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हळहळ होती. मग त्यांनी मागे वळून पाहिले, मी दिसताच टोपी सारखी केली आणि नमस्कार केला.

मीही नमस्कार केला. हे नाव तुम्हाला कोणी दिले, हे त्यांना आठवत नसावे. गावाने सहा वर्षे हे नाव इतक्या सहजपणे वापरले की ते कोणीतरी दिलेले आहे, याचाच लोकांना विसर पडला. मला पडलेला नाही.

संध्याकाळी शिदू घरी आला. तुमच्या हाताखाली फायरमन म्हणून उमेदवारी केलेला आणि आता स्वतः बंब चालवणारा शिदू. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "मास्तर, साप्ताहिकात हवालदारांवर चार वळी तुमीच लिवा. त्यांचं तुमच्याइतकं कुणालाच म्हाईत न्हाई."

तो बोलला ते अक्षरशः खरे आहे. माझ्याइतके कोणालाच माहीत नाही. म्हणून तुमचा जन्म, फौजेतली नोकरी, पदके आणि मुलाबाळांची नावे मी येथे लिहीत नाही. ती शिदूने वेगळ्या कागदावर दिली आहेत आणि संपादक ती चौकटीत छापतील. मला तुमच्याशी बोलायचे आहे. तुम्ही असताना जे बोलायला हवे होते, ते.

आपली पहिली भेट भांडणाने झाली. मी शाळेचा मुख्याध्यापक, आणि साप्ताहिकात 'स्थानिक वार्ता' हे सदर लिहिणारा. पेठेतल्या एका वखारीला आग लागली, तुम्ही बंब घेऊन गेलात, आणि मी लिहिले की दलाने आग तात्काळ विझवली. दोन दिवसांनी तुम्ही अंकाची घडी हातात घेऊन शाळेत आलात. वर्ग चालू होता. तुम्ही व्हरांड्यात सावधान उभे राहिलात आणि तास संपल्यावर आत आलात.

"मास्तर, तात्काळ इझवली, आसं कुणी सांगितलं तुमास्नी?"

"म्हणजे? विझली ना आग?"

"तीन तास जळत हुती. आमी फकस्त शेजारच्या घराकडं सरकू दिली न्हाई. इझली ती आपली आपण, खायाला काय उरलं न्हाई म्हून."

"हवालदार, ही बातमी तुमच्या कौतुकाची आहे."

"म्हून तर आलो. आता फुडच्या बारीला लोक म्हणत्याल, मागं तात्काळ इझवली हुती, आता का न्हाई?"

मुलांना निबंधातली अतिशयोक्ती खोडून दाखवणारा मी, त्या दिवशी माझ्याच वर्गात माझे वाक्य खोडले गेले. पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. तुम्ही परत आलात. या वेळी अंक हातात नव्हता, पाटी होती. फौजेत तुम्हाला रोमन अक्षरांतले हिंदी शिकवले होते. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हते. माझी बातमी शिदूने वाचून दाखवली होती. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचायचं म्हंजी दुसऱ्याच्या हातानं जेवायचं. मला शिकवा."

मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर, तुम्ही पहिल्या बाकावर बसत असा. बाक लहान, गुडघे वर. मी अनेकांना शिकवले. पण अक्षराला इतका मान देणारा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. शब्द लिहून झाला की तुम्ही पाटी दूर धरून त्याच्याकडे पाहत असा, एखाद्या वरिष्ठाकडे पाहावे तसे. एकदा मी फळ्यावर चुकून एका महिन्याचे नाव दुसऱ्याच्या जागी लिहिले. तुम्ही ते तसेच उतरवून घेतले. मी विचारले, "तुम्हाला खटकले नाही?" तुम्ही म्हणालात, "खटकलं की. पर मास्तरानं लिवलंय म्हटल्यावर मलाच म्हैने येत न्हाईत आसं वाटलं." आपण दोघेही हसलो. त्या हसण्याकडे मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवे होते.

त्या शिक्षणाच्या बदल्यात तुम्ही मला तुमची विद्या दाखवलीत. बंबाच्या पाठीवर पाण्याची पोलादी टाकी असते. ती किती भरली आहे हे पाहायला काच होती. पण काचेवर तुमचा विश्वास नव्हता. रोज सकाळी आठ वाजता तुम्ही बोटाच्या पेरांनी टाकी वाजवत असा. तीन ठिकाणी: वर, मध्ये आणि तळाशी. "भरल्याली बद्द वाजती. पानी उतरलं की आवाज मोकळा व्हतो. हितं कान लावा." मी कान लावला. मला तिन्ही आवाज सारखेच वाटले. तुम्ही समजूत घातलीत, "ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमचं काम कागदावरचं."

शाळेतला एक जुना फळा मी बंबखान्याला दिला. तो तुम्ही दरवाजाशी टांगलात आणि टाकी वाजवून झाली की त्यावर स्वतःच्या हाताने लिहू लागलात: पाणी पूर्ण. खाली वेळ, खाली सही. येणारेजाणारे ते वाचत. आपला बंब भरलेला आहे, हे गावाला रोज सकाळी कळत असे, आणि तुमचे मोठे, जरा डावीकडे कललेले अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे झाले. माझे तर होतेच. अर्धे गाव माझ्याच हाताखाली लिहायला शिकले होते. ही गोष्ट पुढे तुमच्या ध्यानात राहिली. माझ्या राहिली नाही.

खंडेनवमीला बंबाची पूजा होई. झेंडूच्या माळा, टाकीवर हळदकुंकू, आणि शेवटी तुम्ही पाईप आभाळाकडे धरून एक फवारा उडवत असा. शाळेतली सगळी मुले त्याखाली भिजत. मी त्याची बातमी दरवर्षी करत असे. दुष्काळाच्या वर्षी मुले नेहमीप्रमाणे जमली, तेव्हा तुम्ही पाईप गुंडाळून ठेवलात. "औंदा पानी उडवायचं न्हाई. पाया पडा, साखर घ्या, आन गप घरला जा." नगराध्यक्षांनी थोडासा उडवा म्हटले, तरी तुम्ही ऐकले नाही. इतके तुम्ही पाण्याच्या बाबतीत कडक होतात, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचे वाचताना वाचकाने ते लक्षात ठेवावे.

बहात्तर सालच्या त्या दुष्काळात नदीवरचा पंप दुपारी दोननंतर वीज येई तेव्हाच चाले. त्यामुळे बंब एकदा रिकामा झाला तर दोनपर्यंत तो भरता येत नसे. म्हणून नगरपालिकेने नियम केला: मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी चिठ्ठीशिवाय बंबातले पाणी कोणालाही द्यायचे नाही. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती. माण-खटावकडून आलेली माणसे आपली गुरे घेऊन तिथे राहिली होती आणि त्यांच्यासाठी आणलेल्या कडब्याच्या वीस गंज्या शेजारच्या माळावर रचल्या होत्या. तुमचे सारे लक्ष त्या गंज्यांकडे असे. बंब तुम्ही मुद्दाम त्या दिशेला तोंड करून उभा करत होतात.

आणि त्याच फाल्गुनात आमच्या शाळेची तपासणी आली.

सकाळी नऊ वाजता मी तुमच्याकडे चिठ्ठी पाठवली. मुख्याधिकारी बैठकीसाठी साताऱ्याला गेले होते, हे मला माहीत होते. ती चिठ्ठी आज माझ्यासमोर आहे. ती अशी:

'रा. रा. आनंदराव हवालदार यांस, सप्रेम नमस्कार. शाळेच्या टाकीतील पाणी संपले असून मुलांना पिण्यासाठी पाण्याची निकड आहे. कृपया बंबातील पाणी द्यावे. मुख्याधिकारी परत येताच त्यांची संमती घेण्याची जबाबदारी माझी.'

खाली माझी सही आहे. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. चूक दुसरीकडे आहे. शाळेच्या टाकीतील पाणी संपलेले नव्हते. टाकी अर्धी भरलेली होती आणि मुलांना दोन दिवस पुरले असते. मला पाणी हवे होते ते मैदानासाठी. आमचे मैदान त्या वर्षी भाजून निघाले होते. मुले रांगेत उभी राहिली की धुळीचा लोट उठे. तपासणीचे साहेब येणार, कवायत पाहणार, आणि त्यांच्या अंगावर धूळ उडणार, या विचाराने मला आठवडाभर नीट जेवण गेले नव्हते. फाटकाशी सदाफुलीचे दोन वाफे होते, तेही सुकले होते. सडा घालावा, वाफे ओले करावेत, एवढ्यासाठी मी मुलांच्या तहानेचे नाव सांगितले.

तुम्ही बंब घेऊन आलात. शाळा अजून भरली नव्हती, आवारात फक्त शिपाई होता. शिदूने पाईप लावला. तुम्ही शाळेच्या टाकीपाशी जरा वेळ उभे राहिलात, मग खिशातून चिठ्ठी काढून पुन्हा वाचलीत, घडी केलीत आणि परत खिशात ठेवलीत. हे मी खिडकीतून पाहिले होते. मला वाटले, शिकलेले अक्षर तुम्ही पुन्हा एकदा वाचून आनंद घेत आहात. बंबातले सारे पाणी टाकीत सोडून तुम्ही निघालात आणि शिपायाने बादल्या काढल्या.

साहेब अकराला आले. मैदान ओले, गार, मातीचा वास येणारे. ते प्रसन्न झाले. कवायत झाली, गाणे झाले, आणि माझ्या खोलीत शेरेबुक उघडून त्यांनी लिहिले: 'शाळेचे प्रांगण प्रसन्न व धूळविरहित आहे.' शाई वाळण्याची वाट पाहत मी उभा होतो, तेव्हा बंबाची घंटा ऐकू आली.

आम्ही सारे व्हरांड्यात आलो. माळाच्या बाजूला धूर होता. कडब्याचा धूर पिवळट असतो, हे मी त्या दिवशी पाहिले. बंब आमच्या फाटकासमोरून गेला. तुम्ही चाकावर होतात, नजर सरळ रस्त्यावर. मागे शिदू पायरीवर उभा राहून घंटा ओढत होता. साहेब म्हणाले, "वा, तुमच्या गावचे दल तत्पर दिसते." त्या माणसांच्या गर्दीत, शिपाई सोडला तर, त्या बंबात पाणी नाही हे जाणणारा मी एकटा होतो. आनंदराव, मी काय केले ते सांगतो. मी साहेबांना म्हणालो, "चला, चहा निवतो आहे."

पुढचे मी नंतर शिदूकडून ऐकले. माळावरच्या विहिरीत पाईप सोडला तर गाळ वर आला. मग तुम्ही छावणीतल्या माणसांना पोती भिजवायला लावलीत, स्वतः आकडी घेऊन जळत्या आणि न जळत्या गंज्यांच्या मधला कडबा ओढून काढलात आणि सहा गंज्या वाचवल्यात. त्यात तुमचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. चौदा गंज्या गेल्या. माणूस किंवा जनावर दगावले नाही. पण आठ दिवसांत छावणी उठली आणि ती माणसे हाडे दिसणारी गुरे हाकत कराडच्या बाजूला गेली. ती शाळेच्या फाटकासमोरूनच गेली. वाफ्यातली सदाफुली तेव्हा फुलली होती.

त्या आठवड्यात संपादकांनी बातमी मागितली. मी नकार देऊ शकलो असतो. आजारी आहे म्हणू शकलो असतो. मी लिहिली. मथळा दिला: 'बंब आला, पण रिकामा'. मी मुलांना शिकवतो की कोणत्याही घटनेच्या वर्णनात पाच प्रश्नांची उत्तरे हवीत: काय, कोठे, केव्हा, कोणी आणि का. त्या बातमीत पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे होती आणि ती अचूक होती. तीत एकही वाक्य खोटे नव्हते. तुमच्या भाजलेल्या हाताविषयी मात्र एकही ओळ नव्हती, आणि पाचव्या प्रश्नाची जागा मी रिकामी सोडली होती. रिकामी जागा लोक आपापल्या परीने भरतात. गावाने ती तुमच्या निष्काळजीपणाने भरली.

तुम्हाला तोवर वाचता येऊ लागले होते. कोणाच्या मदतीशिवाय तुम्ही अथपासून इतिपर्यंत वाचलेली ती पहिली बातमी. हे तुम्हीच मला सांगितलेत, आणि कसलाही टोमणा न मारता सांगितलेत.

चौकशीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना तुम्ही आलात. हाताला पट्टी होती. मी दार लावून घेतले. तुम्ही खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवलीत.

"ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं घावली तर अक्षर वळखायला येळ लागायचा न्हाई कुणाला."

"हवालदार, मी समितीपुढे येतो. सांगतो सगळे."

"काय सांगणार? पोरं तान्हेली हुती म्हून मास्तरानं पानी मागितलं, आन आमी दिलं. ह्यात पाप न्हाई. पर कमिटीला ते कळायचं न्हाई. उद्या म्हणतील, पोरांचंबी पानी बंद करा." मग म्हणालात, "नियम मी मोडला. चिठ्ठी सायबाची न्हाई, हे मला दिसत हुतं. त्याचं मी बघतो. तुमी शाळा सांभाळा."

मी तेव्हा म्हणायला हवे होते, की मुले तहानलेली नव्हती. दार बंद होते, ऐकणारे तुम्ही एकटे होतात. मी म्हणालो, "तुमचे उपकार कसे फेडू?" तुम्हाला ते बोलणे आवडले नाही. "कसलं उपकार मास्तर," म्हणून तुम्ही उठलात.

चौकशीत तुम्ही सांगितलेत की टाकीचा व्हॉल्व नीट लागला नव्हता आणि पाणी गळून गेले. शिदूला तुम्ही गप्प राहायला बजावले होते, आमच्या शिपायाला मी. समितीला सुवाच्य अक्षरात इतिवृत्त हवे होते. त्यांनी मला बोलावले. तुमचा तो जबाब माझ्या हातचा आहे, आनंदराव. तुम्ही बोलत होतात आणि मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर तुम्ही तो वाचलात, खाली सही केलीत, आणि टाक परत देताना माझ्याकडे पाहून किंचित मान हलवलीत, विद्यार्थ्याने पाठ बरोबर म्हटल्यावर मी हलवत असे तशी.

तुम्हाला चाकावरून काढले. टेलिफोन आणि घंटा यांच्या खोलीत बसवले. शिदू गाडी चालवू लागला, आणि गावाने तुम्हाला नाव ठेवले. माझ्या मथळ्यातलेच शब्द, फक्त उलटे. एकदा तुम्ही शाळेवरून जात असताना सातवीचा सगळा वर्ग खिडकीशी जमून ते नाव घेऊन हसला. मी वर्गाला 'मी कोणालाही नावे ठेवणार नाही' हे वाक्य पन्नास वेळा लिहायची शिक्षा केली. मग त्या साऱ्या वह्या घेऊन बसलो आणि त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. माझ्या लाल शाईने त्या दिवशी जेवढे काम केले, तेवढे करताना तिला लाज वाटली असेल तर ती मला दिसली नाही.

आता एका गोष्टीवर येतो, जी मी सहा वर्षे पाहत होतो आणि मला समजली नाही. चाकावरून काढल्यावरही सकाळी आठला टाकी तुम्हीच वाजवत होतात. शिदूने तो मान तुमच्याकडेच ठेवला होता. पण आगीनंतर तुम्ही ती तीन ठिकाणी न वाजवता पाच ठिकाणी वाजवू लागलात. मग शिदूला वर चढून झाकण उघडून काठी बुडवायला सांगत होतात. काठी ओली निघाली की मगच फळ्यावर लिहीत होतात. शिदू चेष्टा करी, "हवालदार, आवो काच हाय, काठी हाय, तुमचा कान हाय, आता आनि काय टाकीला इचारायचं ऱ्हायलंय?" तुम्ही म्हणत असा, "कानाचं काय खरं न्हाई रं आता." मी ते ऐकले होते. दुर्घटनेनंतर माणूस अधिक काळजीपूर्वक वागतो, असा मी त्याचा अर्थ लावला आणि एकदा तर वर्गात उदाहरण म्हणून सांगितला.

पंधरा दिवसांपूर्वी तुम्हाला भेटायला आलो. तुम्ही खाटेवर होतात. वहिनींनी चहा ठेवला आणि पिंपातून तांब्या भरून घेतला. तांब्या पिंपाच्या काठाला लागला, तसे तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पारू, पिंप निम्म्याखाली गेलंय." वहिनींनी वाकून पाहिले. "व्हय की," त्या म्हणाल्या, "निम्म्याच्या चार बोटं खालीच हाय." आणि कौतुकाने मला म्हणाल्या, "मास्तर, ह्या दुखण्यात डोळं गेलं, पर कान शाबूत हाय बगा." तुम्ही हसलात, पण मान हलवलीत.

त्या क्षणी मला शाळेची टाकी आठवली. तिच्यापाशी उभे असलेले तुम्ही, आणि पुन्हा काढलेली चिठ्ठी. वहिनी आत गेल्यावर मी विचारले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"हवालदार, त्या दिवशी शाळेच्या टाकीत पाणी पडताना तुम्ही आवाज ऐकला होता?"

"ऐकला की."

"कसा होता?"

"बद्द. निम्मी टाकी भरल्याली आसावी, आसा."

"मग पाणी का दिलेत?"

तुम्ही कूस माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "मग चिठ्ठी बगितली. संपलंय, आसं लिवलं हुतं. पिन्यासाठी, आसं लिवलं हुतं. तुमचं अक्षर. मला वाटलं, वय झालं, माझाच कान चुकला आसंल." आणि जरा हसून, "तवापास्नं कानावर इस्वास न्हाई ठिवला, मास्तर. बरं झालं. चूक कळली म्हून गाडी परत कवा रिकामी ऱ्हायली न्हाई."

तुमची नोकरी गेली नाही, पण चाक गेले, नाव गेले, हे मी जाणत होतो आणि त्याच्यासह जगायला शिकलो होतो. तुमचा कान मी घेतला, हे मला त्या दिवशी कळले. आयुष्यभर ज्याच्या भरवशावर तुम्ही आगीत शिरलात, तो कान माझ्या दोन शब्दांपुढे तुम्ही खोटा ठरवलात, कारण ते शब्द लिहिलेले होते आणि लिहिणारा तुमचा मास्तर होता. फळ्यावरचे चुकलेले महिने तुम्ही जसे उतरवून घेतलेत, तसेच हेही.

तेव्हाही सांगता आले असते. तुम्ही ऐकत होतात, शुद्धीवर होतात, आणि माझ्यापाशी एक पूर्ण वाक्य होते. वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो, तब्येतीला जपा म्हणालो, आणि उठलो. पुढच्या शनिवारी येऊन सांगायचे, असे वाटेत ठरवले. शनिवारी मी आलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारच्या आत तुम्ही गेलात.

आज सकाळी आठ वाजता मी बंबखान्यात गेलो होतो. फळ्यावर तुमची शेवटची ओळ अजून कोणी पुसलेली नाही. शिदू पुसू देत नाही. मी त्याला बाहेर कट्ट्यावर बसवले आणि हा लेख वाचून दाखवला, अर्थात तोवर लिहून झाला होता तेवढा. वाचून झाल्यावर तो उठून बंबापाशी गेला, पाठ माझ्याकडे करून उभा राहिला, आणि म्हणाला, "मास्तर, म्या त्यास्नी हसत हुतो. काठी बुडवताना." मग म्हणाला, "छापा ह्ये. एकबी वळ गाळू नका."

गाळलेली नाही. चिठ्ठी संपादकांकडे दिली आहे. ती माझ्या अक्षरातच छापली जाईल, म्हणजे ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही. त्या चौकशीचे इतिवृत्त माझ्या हातचे आहे, म्हणून त्याला जोडायचे निवेदनही मी माझ्या हाताने लिहून नगरपालिकेत दिले आहे. सोमवारी प्रार्थनेनंतर हा लेख सातवीला वाचून दाखवीन. हा वर्ग वेगळा आहे, पण हसणाऱ्यांची धाकटी भावंडे त्यात आहेत. माझ्या मथळ्याखाली जी पाचवी जागा मी रिकामी सोडली होती, ती अशी भरायची: बंब रिकामा होता, कारण मुख्याध्यापकाला मैदानावर धूळ नको होती.

वहिनींना मी हे आधी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मला पाणी विचारले नाही. ते योग्यच झाले.

तुम्हाला सांगायचे राहिलेले वाक्य एवढेच आहे. शाळेची टाकी निम्मी भरलेली होती, आनंदराव. तुमचा कान चुकला नव्हता.